झाकण आपोआप सरकलं

१६ जानेवारी, मंगळवार

बिघाड: दाराजवळच्या पायऱ्यांवरचं झाकण चालत्या गाडीत आपोआप सरकलं.
कारण: शोधतोय.
उपाय: अजून नाही.

धान्याच्या कोठारावर चौतीस वर्षं मी अशीच वही लिहिली. पट्टा तुटला, मोटर जळली, उंदरांनी वायर खाल्ली, काहीही होवो, तीन ओळी. पुढच्या पाळीच्या माणसाला त्या वाचून सगळं कळायला हवं. आज मात्र जास्त लिहावं लागतंय, कारण त्या झाकणापायी माझ्या बायकोच्या, आर्डिथच्या, खुब्याचं हाड मोडलंय आणि ती इथून, म्हणजे क्वार्ट्झसाइटच्या गाडीतळावरून, ऐंशी मैलांवर यूमाच्या इस्पितळात पडून आहे.

आमच्या मोटरहोमला, म्हणजे आम्ही राहतो त्या बसएवढ्या गाडीला, पुढच्या बाजूला, बायकोच्या खुर्चीसमोरच, दार आहे. दारातून तीन पायऱ्या खाली जातात. गाडी चालू असताना त्या खड्ड्यावर एक गालिचा लावलेली फळी सरकवून ठेवायची. बटण दाबलं की मोटर ती बाहेर काढते, परत दाबलं की आत ओढते. एवढंच यंत्र. लहान मुलाच्या खेळण्यात याहून जास्त भाग असतात.

रविवारी दुपारी साडेचारला आम्ही क्वार्ट्झसाइटच्या दहा मैल अलीकडे होतो. सूर्य थेट समोर. आर्डिथ खुर्चीवरून उठली. मी काचेवरचा पडदा खाली घ्यायला हात पुढे केला आणि नेमकं तेव्हाच झाकण आपोआप आत गेलं. तिने पाय टाकला तो खड्ड्यात. दारावर आदळली. डोळ्यांत ऊन घुसत होतं, धड दिसत नव्हतं, तरी मी एवढी मोठी गाडी व्यवस्थित कडेला घेतली. रुग्णवाहिकेतला माणूससुद्धा म्हणाला, चांगली घेतलीत.

चालत्या गाडीत माणसं उठतात कशाला?

१८ जानेवारी, गुरुवार

गालिचा उचकटला, झाकणाचे सोळा स्क्रू काढले. दातेरी चाक शाबूत. मोटर शाबूत. वायरींवर धूळ आहे, पण खरचटलेली एकही नाही.

झाकणाला दोन बटणं आहेत. एक कंपनीचं, आर्डिथच्या खुर्चीजवळ. दुसरं मी ऑक्टोबरात माझ्या बाजूला बसवलं. मुक्कामाला पोचलं की मला पटकन खाली उतरून पाण्याचा नळ जोडायचा असतो आणि ही बाई नकाशाची घडी घालत बसलेली. ‘आर्डिथ, झाकण’ असं तीनदा म्हणावं लागायचं. पडद्याच्या बटणाशेजारी एक रिकामं भोक होतंच, तिथे तसंच एक बटण आणून लावलं. ती म्हणाली होती, “लांब कुठेतरी लाव रे, दोन्ही जुळ्या भावांसारखी दिसतात.” मी म्हटलं, मी चाळीस बटणांच्या फळ्यापुढे जन्म काढलाय. त्यावर ती काही बोलली नाही. ती मुद्दा संपला की बोलत नाही, हे तिचं बरं आहे.

माझी जोडणी तपासली. स्वच्छ आहे. तिकडून बिघाड नाही.

२१ जानेवारी, रविवार

मागे जोडलेली छोटी गाडी घेऊन यूमाला जाऊन आलो. शस्त्रक्रिया झाली. रोंडा लिंकनहून विमानाने आली आहे. मुलगी म्हणून तिचं कर्तव्यच आहे, पण आल्यापासून माझ्याशी ती शाळेच्या मुख्याध्यापिकेसारखी बोलते.

“बाबा, झालं कसं पण?”

नर्सही होती, कागदावर लिहून घेत होती. मी म्हटलं, झाकण आपोआप सरकलं. नर्स म्हणाली, आपोआप म्हणजे? तिला समजेल असं काहीतरी सांगायला हवं होतं. मी म्हटलं, उठताना हिचा गुडघा बटणाला लागला असेल, तिच्या बाजूचं बटण जुनं आहे, नुसत्या स्पर्शाने चालतं.

“आई, तू बटण दाबलंस?” रोंडा म्हणाली.

आर्डिथ छताकडे बघत होती. मग तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. “यांना विचार,” ती म्हणाली, आणि पाणी मागितलं.

तिला आठवत नाही. इतकं दुखत असताना माणसाच्या लक्षात काय राहणार?

“आणि उठलीसच का मुळात?” रोंडाने विचारलं.

“चष्मा द्यायला.”

हो, काळा चष्मा मी मागितला होता. ऊन होतं. मग काय, डोळे मिटून चालवू?

२७ जानेवारी, शनिवार

कंपनीच्या माणसाशी काल पाऊण तास फोनवर. आवाज पोरसवदा, अदब फार. “साहेब, बटण दाबल्याशिवाय ते झाकण हलू शकत नाही. रचनाच तशी आहे.”

“मग माझी बायको इस्पितळात हवापालटाला गेलीय का?”

“साहेब, मला फार वाईट वाटतं.”

या लोकांना वाईट वाटायचा पगार मिळतो. नवी मोटर आणि नवा रिले मागवले. चूक ते कबूल करणार नाहीत, कोण करतं?

३ फेब्रुवारी, शनिवार

दोन्ही भाग आले, बसवले. दिवसभर पायऱ्यांत पालथा. छाती फळीखाली, पाय दाराबाहेर.

शेजारच्या ट्रेलरमधली बाई येऊन माझ्या पायांशी बोलायला लागली. मॅक्सीन तिचं नाव. आयडाहोत एकोणतीस वर्षं शाळेची बस चालवली, दोन्ही गुडघे नवे बसवलेत, एकटी असते.

“आत कोणी जिवंत आहे की नुसते बूट वाळत घातलेत?”

“काम चाललंय.”

“तीन आठवडे चाललंय. एवढ्यात माझ्या बापाने घर बांधलं होतं.”

तिला हाकलावं म्हणून मी सगळी हकिकत सांगितली. तर ती जाण्याऐवजी गुडघे धरून खाली बसली. म्हणाली, बसला असंच दार असतं, दाखव. जुनी मोटर हातात घेऊन फिरवली, वासही घेतला. “हिला काही झालेलं नाही रे.”

“झालंय. सापडत नाही एवढंच.”

मग आम्ही एकशेवीस वेळा बटण दाबलं. ती मोजत होती. झाकण साठ वेळा गेलं आणि साठ वेळा आलं. न दाबता एकदाही नाही.

६ फेब्रुवारी, मंगळवार

आर्डिथला उपचारकेंद्रात हलवलं. वॉकर धरून चार पावलं टाकते. मी पायऱ्यांजवळ पितळी कठडा बसवलाय, त्याचा फोटो दाखवला. दोन्ही हातांनी धरता येईल असा, खाली घट्ट पट्टी. चार तास लागले त्याला.

“छान झालाय,” ती म्हणाली.

“तू परत येशील तेव्हा भीती वाटायला नको.”

“मला पायऱ्यांची भीती नाही वाटत, डेलमर.”

वाटते. एकदा पडलं की वाटतेच. कबूल करायला लाज वाटते माणसाला. शेजारच्या पलंगावरच्या म्हातारीचा नवरा तिला जेली भरवत होता. मीही आर्डिथला विचारलं, भरवू का. ती म्हणाली, माझे हात ठीक आहेत.

९ फेब्रुवारी, शुक्रवार

आजचं सगळं लिहितो. क्रमाने लिहितो.

उभ्या गाडीत बिघाड दिसत नाही म्हणजे तो धक्क्यांनी होत असणार, असं माझं मत. गाडी रस्त्यावर काढायची ठरवली. मॅक्सीन म्हणाली, मी बसते तिच्या जागेवर. पट्टा बांधून, पाय झाकणावर ठेवून बसली. सकाळी खडीच्या रस्त्याने वीस मैल नेली. कपाटातल्या बश्या वाजत होत्या, मॅक्सीन शाळेच्या सहलीचं गाणं म्हणत होती. झाकण हललं नाही. दुपारी महामार्गाने पूर्वेकडे पार टोनोपापर्यंत गेलो. तिथून परत फिरलो, म्हणजे त्या रविवारी आर्डिथ आणि मी आलो त्याच रस्त्याने, त्याच वेळी. मीच म्हटलं, सगळं तसंच करू.

साडेचार वाजले. ऊन समोर आलं.

“काय रे हे, भट्टीत बसल्यासारखं वाटतंय,” मॅक्सीन म्हणाली. “तो पडदा घे की खाली.”

मी हात पुढे केला. आणि झाकण सरकलं. आत जायला लागलं, तिच्या टाचा ओढत.

“डेलमर! माझे पाय!”

मला काय आनंद झाला म्हणून सांगू. सव्वीस दिवसांनी! मी ओरडलो, “बघितलंस? बघितलंस ना? आपोआप गेलं! माझ्यावर कोणाचा विश्वास नव्हता!”

मॅक्सीनने पाय वर खुर्चीवर ओढून घेतले होते. ती उघड्या खड्ड्याकडे बघत नव्हती. माझ्या हाताकडे बघत होती.

“तुझं बोट अजून तिथेच आहे,” ती म्हणाली.

“कुठे?”

“बटणावर. आणि मला सांग, पडदा कुठे उतरलाय? माझ्या तर डोळ्यांत अजून ऊन आहे.”

मी समोर बघितलं. मला काहीच दिसलं नाही, इतकं ऊन होतं.

गाडी कडेला घेतली. ट्रक जात होते, गाडी हलत होती. मग मी म्हटलं, आज माझं चुकलं, तू घाई केलीस म्हणून. त्या दिवशी मी पडद्याचंच दाबलं होतं.

“त्या दिवशी पडदा खाली आला होता?”

मी तिला म्हटलं, तुझं काम बस चालवणं होतं, तुला यंत्रातलं काय कळतं? ती म्हणाली, “एकोणतीस वर्षं मी मागच्या आरशात बघून कोण खोटं बोलतंय ते ओळखत आलेय. आणि ती सगळी दहा वर्षांच्या आतली होती. चल, घरी ने मला.”

१० फेब्रुवारी, शनिवार

बिघाड: दोन बटणं एकसारखी.
कारण: जागा चुकीची.
उपाय: एक बटण काढलं, भोक बुजवलं.

११ फेब्रुवारी, रविवार

कालची नोंद सकाळी परत वाचली. कोठारावर कोणी अशी नोंद केली असती तर मी वही त्याच्या अंगावर फेकली असती. बटण कोणी बसवलं? दाबलं कोणी?

मी दाबलं.

पण मुद्दाम नाही. हेही लिहून ठेवतो.

पडदा खाली आला नव्हता. त्या दिवशी गाडी थांबवून आर्डिथकडे वळलो तेव्हाही माझ्या गालावर ऊन होतं, हे मला पहिल्या दिवसापासून आठवतंय. पहिल्याच नोंदीत मी ते लिहिलंय. लिहिलं आणि पुढे गेलो.

मॅक्सीन कुंपणापाशी कपडे वाळत घालत होती. म्हणाली, “बायकोला सांगितलंस?”

“रविवारी जाणार आहे.”

“आज रविवारच आहे.”

“पुढच्या.”

१८ फेब्रुवारी, रविवार

गेलो. रोंडा कपडे धुवायला खाली गेली होती, ती संधी साधली. आर्डिथ खिडकीपाशी खुर्चीत बसली होती, केस कोणीतरी विंचरून दिलेले. आता बारा पावलं चालते.

मी सुरुवात बटणांपासून केली. दोन्ही एकाच बनावटीची, अंतर जेमतेम दोन बोटं, ऊन समोरून असलं की कोणालाही...

“माहीत आहे मला,” ती म्हणाली.

“काय माहीत आहे?”

“तुझा हात. मी बघितला. तुझ्यापुढे चष्मा धरून उभी होते, तू घेईनास. म्हणून हाताकडे बघितलं, तर तो त्या बटणावर. म्हणणार होते, ते नव्हे, शेजारचं. आणि एक पाऊल मागे टाकलं.”

तिने हे बाजारात काय मिळालं ते सांगावं तसं सांगितलं.

“मग पाच आठवडे गप्प का राहिलीस?”

“तू सांगशील म्हणून.”

“मला खरंच माहीत नव्हतं, आर्डिथ. देवाशप्पथ.”

“असेल. पहिल्या दिवशी नसेल माहीत.” तिने वॉकर बाजूला सारला. “पण तू त्या नर्सला म्हणालास, हिचा गुडघा लागला असेल. मी तिथेच होते रे. हातभर अंतरावर. तुला कळलं नाही कोणाचा दोष, तर तू म्हणायचंस कळलं नाही. तू माझा गुडघा पुढे केलास.”

“तिला काहीतरी उत्तर द्यायला हवं होतं.”

“हो ना. चव्वेचाळीस वर्षं काहीतरी उत्तर लागतं तेव्हा मी जवळच असते.”

मी म्हटलं, आता सगळं दुरुस्त झालंय. बटण काढलंय, कठडा आहे, नवी मोटर आहे, तू फक्त बरी हो. ती म्हणाली, मी रोंडाबरोबर लिंकनला जातेय. तिच्याकडे तळमजल्यावर खोली आहे. मागे थोडी जमीन आहे, काहीतरी लावता येईल.

“किती दिवस?”

तिने मांडीवरच्या पांघरुणाची घडी सारखी केली.

“रोंडा मला रोज सांगते,” ती म्हणाली, “आई, आता बटणांजवळ जपून बस. लिफ्टमध्येसुद्धा माझा हात बाजूला करते. पोटच्या पोरीने मला असं वागवावं... तिला तू सांग. मी नाही सांगणार.”

“सांगतो.”

“तू स्वतः सांग. माझ्यासमोर.”

“सांगतो म्हटलं ना.”

रोंडा कपड्यांची टोपली घेऊन आली. म्हणाली, काय चाललंय दोघांचं? मी म्हटलं, काही नाही, निघतोच आहे, अंधार पडायच्या आत पोचायला हवं. दोन वाजले होते.

२२ फेब्रुवारी, गुरुवार

तिचं सामान बांधलं. चार वर्षांपूर्वी घर विकलं तेव्हा तिने तीन खोकी आणली होती. आता दोन भरली. पुस्तकं, हिवाळी कोट, शिवणाचा डबा. मला वाटायचं गाडीभर तिच्याच वस्तू आहेत. कपाटं उघडली तर सगळी माझी हत्यारं.

लिंकनला गाडी घेऊन गेलो तर रोंडाच्या दारासमोर उभी करता येईल का, असं फोनवर विचारलं. रोंडा म्हणाली, आमच्या गल्लीत मोठ्या गाड्यांना बंदी आहे, बाबा. मग आवाज हळू करून म्हणाली, “आईला रागावू नका हं तुम्ही. तिला फार अपराधी वाटतं. विषय काढला की गप्पच होते.”

मी म्हटलं, नाही रागावणार.

तेव्हाच सांगायचं होतं. पण आर्डिथ म्हणाली होती, माझ्यासमोर सांग, म्हणजे फोनवर नव्हे. तिची ही अट मी मॅक्सीनलाही सांगितली होती.

२ मार्च, शनिवार

आज गेल्या.

केंद्राच्या दारात विमानतळाची व्हॅन आली. चालक गडी बोलका, चाकाच्या खुर्चीसकट आर्डिथला वर चढवायच्या फळीवर घेत होता. म्हणाला, “आजी, हे काय करून घेतलंत?”

रोंडा हसून म्हणाली, “मोटरहोममध्ये चुकून बटण दाबलं तिने. पायाखालची फळीच गेली.”

“अरेरे. माझी आईपण असंच काहीतरी दाबत असते.”

आर्डिथने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. दुकानात सुटे पैसे मोजून होईपर्यंत माणूस थांबतो, तशी ती थांबली. रोंडा होती, ती होती, मी होतो. चालकालाही ऐकू गेलं असतं, पण त्याचं काय, तो परका.

तेवढ्यात माझं लक्ष तिच्या खुर्चीकडे गेलं. डाव्या पायाच्या पट्टीचा स्क्रू सैल झाला होता. प्रवासात निघाला असता तर तिचा पाय खाली लोंबला असता. मी खाली बसलो, खिशातला पेचकस काढला आणि तो पिळला. उजवाही पिळला. उजवा सैल नव्हता.

मी वर बघितलं तेव्हा ती समोर बघत होती.

“चल, रोंडा,” ती म्हणाली. “उशीर होतोय.”

“बाबा, पोचलो की फोन करते,” रोंडा म्हणाली आणि माझ्या गालाला गाल लावला. “तुम्ही किती काळजी घेता हो तिची.”

फळी वर गेली, दार लागलं. त्या व्हॅनच्या फळीची मोटर करकरत होती. तेल पाहिजे होतं तिला.

३ मार्च, रविवार

सकाळी पाण्याची टाकी धुतली. गालिचा परत चिकटवला. झाकण व्यवस्थित बसलंय.

दुपारी मॅक्सीन कुंपणापाशी आली. “गेली?”

“गेली.”

“लेकीला सांगितलंस ना तिच्यासमोर?”

“सांगितलं,” मी म्हटलं.

तिने माझ्याकडे नीट बघितलं. मग तिचा चेहरा सैल झाला. एवढ्या दिवसांत ती पहिल्यांदाच माझ्याशी मऊ आवाजात बोलली.

“अवघड गेलं असेल. शाबास. पुष्कळ पुरुषांना मरेपर्यंत जमत नाही ते.” आणि म्हणाली, “एकटा काय जेवणार आहेस? मी बीन्स आणि मक्याची भाकरी केलीय. ये सहाला.”

गेलो. दोनदा वाढून घेतलं.